पुढच्याचे चाक, मागच्याची काच

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण पायी चालणाऱ्या माणसाने केलेली आहे. पायवाटेवरचा दगड आपल्या जागी पडून असतो. पुढच्याच्या अंगठ्याला तो लागतो, पुढचा कळवळून खाली बसतो आणि मागचा पाय जपून टाकतो. पुढे चाके आली, चाकांना वेग आला, आणि म्हण उलटी झाली. आता दगड पुढच्याच्या चाकाखालून उडतो, पुढच्याला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि काच मागच्याची फुटते. यात मागच्याने कोणते शहाणपण शिकायचे हे मला अजून उमगलेले नाही. शिकायचेच असेल तर ते पुढच्याने शिकायला हवे, आणि त्याला तर काहीच लागलेले नसते.

मागच्याजवळ निदान एक उपाय असतो. तो अंतर ठेवू शकतो. पुढे गिट्टीची ट्रॉली दिसली की गाडी हळू करावी, ट्रॉलीला पुढे जाऊ द्यावे, वेळ जाईल तेवढा जाऊ द्यावा. पण जो पुढच्याला बांधलेलाच आहे त्याने काय करावे? ही बांधलेल्याची अवस्था मी नीट पाहिली ती अमेरिकेत, २०१९ च्या उन्हाळ्यात.

माझा पुतण्या तिकडे कोलोरॅडोत असतो. त्याच्याकडे एक चालते घर आहे, मोटारहोम म्हणतात त्याला. आपल्या एसटीएवढी गाडी. आत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, आणि पुढे ड्रायव्हरची खुर्ची. सुटी लागली की मंडळी घरासकट निघतात. आपल्याकडेही ही गोष्ट आता अगदीच ऐकीव राहिलेली नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. पण पुतण्याच्या घरामागे मी जे पाहिले ते अजून आपल्याकडे दिसत नाही. घराच्या पाठीला एक लोखंडी दांडा जोडलेला, आणि त्या दांड्याला त्याची छोटी मोटार बांधलेली. चारही चाके रस्त्यावर, आत कुणी नाही. कारण साधे आहे. एवढे धूड एकदा मुक्कामी लावले की दूध आणायला ते कुठे काढणार? म्हणून मोटार सोबत घ्यायची.

मुक्कामावर पोचल्यावर त्याने दांडा सोडवला तेव्हा मी त्या मोटारीचे तोंड पाहिले. देवी येऊन गेलेल्या माणसाचा चेहरा असतो तसे ते दिसत होते. बॉनेटच्या कडेवर बारीक बारीक टवके, काही टवक्यांत गंज धरू लागलेला, एका दिव्याला चीर, आणि काचेवर दोन ठिकाणी चांदणीसारखे तडे. गंमत म्हणजे बांधून ओढताना त्या गाडीचा मीटर फिरत नसे. मीटरच्या हिशेबाने गाडी तरुण होती, तोंडावरून म्हातारी. “काका, ही चालली नाही, तरी झिजली,” पुतण्या म्हणाला. बँकेत अशी काही खाती मी पाहिलेली आहेत, पण तो विषय वेगळा.

त्यानंतरच्या संध्याकाळी त्याने मला आपल्या उपायांची सगळी कहाणी सांगितली. ती थोडी तपशीलाने सांगतो, कारण त्यात एक क्रम आहे आणि तो क्रमच मला महत्त्वाचा वाटतो.

पहिल्यांदा त्याने घराच्या पाठीला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, रबराचा एक लांबलचक पडदा लावला. दिसायला झोकदार. पण त्याच्या घराचे इंजिन मागच्या बाजूला होते. पडद्याने खालची हवा अडली, घाट चढताना इंजिन तापू लागले. सायलेन्सरच्या तोंडाजवळचे रबर करपले ते वेगळेच. शिवाय पडदा जमिनीच्या फार जवळ आला की त्याला लागून खडे पुन्हा रस्त्यावर आपटत आणि कुठल्याही दिशेला उसळत. पडदा काढला. मग त्याने मोटारीच्या तोंडाला बांधायचे एक कापडी आवरण आणले. लहान मुलाला लाळेरे बांधावे तसे ते दिसे. दगड त्याला लागत, रंगाला लागत नसत, हे खरे. पण कापड आणि पत्रा यांच्यामध्ये रस्त्याची बारीक धूळ शिरे, वाऱ्याने कापड थरथरे, आणि चारशे-पाचशे किलोमीटर ते थरथरत राहिले म्हणजे आतला रंग राखेने घासलेल्या भांड्यासारखा होई. दर वेळी आधी गाडी धुवा, मग आवरण धुवा, मग बांधा, आणि पाऊस आला की पुन्हा सगळे पहिल्यापासून. चार प्रवासांत तो कंटाळला.

मग आला पारदर्शक कागद. खरे तर कागद नव्हे, पॉलियुरेथेनची पातळ झिल्ली. तिचा जन्म व्हिएतनामच्या युद्धातला. हेलिकॉप्टरची पाती वाळू-खड्यांनी खराब होत, त्यांना वाचवण्यासाठी ती काढली गेली, आणि लढाई संपल्यावर कालांतराने हौशी लोकांच्या मोटारींवर चढली. युद्धातल्या पुष्कळ वस्तू अशा शेवटी आपल्या घरात येतात. ही झिल्ली चांगली आहे, आता आपल्या शहरांतही लावून मिळते. पण तिची किंमत ऐकून माणूस गाडी घरीच ठेवील, आणि पत्र्यावर चिकटवलेल्या झिल्लीने काच काही वाचत नाही. त्यानंतर त्याने ओढायच्या दांड्यावरच एक जाड प्लॅस्टिकची आडवी ढाल बसवली. हिचा पुष्कळ उपयोग झाला. फक्त वळणावर ती मोटारीला घासणार नाही एवढी जागा सोडावी लागे.

आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत स्वस्त गोष्ट. घराच्या मागच्या चाकांच्या लगेच पाठीमागे, प्रत्येक जोडीमागे एक, असे दोन जाड रबरी फ्लॅप. वाऱ्याने उचलले जाऊ नयेत म्हणून खालच्या कडेला लोखंडी पट्टी. बस्स. ते लागले आणि मोटारीच्या तोंडावर नवे टवके पडणे जवळजवळ थांबले. 

“हे आधी का नाही केलेस?” मी विचारले. 

तो हसला. म्हणाला, “काका, घराला तर काहीच होत नव्हतं. लागत होतं ते मोटारीला. म्हणून मी मोटारीलाच नटवत बसलो.”

दगड जिथून सुटतो तिथेच तो अडवणे सगळ्यांत सोपे, हे कळायला त्याला चार उपाय आणि दोन वर्षे लागली. तरी त्याला ते कळले. का कळले, यावर मी परतीच्या विमानात पुष्कळ विचार केला. त्याला कळले, कारण पुढची गाडीही त्याचीच होती आणि मागचीही त्याचीच. पुढच्या चाकाने केलेल्या नुकसानीचे बिल शेवटी त्याच खिशातून जात होते.

आता या दगडाचे शास्त्र थोडे पाहू, फार नाही. टायरच्या नक्षीत अडकलेला खडा चाकाबरोबर वर चढतो आणि सुटतो. ट्रकच्या दुहेरी चाकांच्या फटीत मोठा दगड अडकला तर तो केव्हा सुटेल याचा नेम नाही. पण बहुतेक खडे तोफेच्या गोळ्यासारखे मागे फेकले जात नाहीत. चाक त्यांना नुसते हवेत उचलते, आणि मागची गाडी आपल्या वेगाने येऊन त्यांच्यावर आदळते. म्हणजे पुष्कळदा दगड काचेला लागत नाही, काचच दगडाला जाऊन लागते. आणि वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो. चाळीसच्या वेगाला जो खडा टिचकी मारून जाईल, तोच ऐंशीला काच तडकावतो. म्हणून हळू जाणे हा खरा उपाय आहे. पण बांधलेल्या गाडीला वेगही आपला नाही आणि अंतरही आपले नाही. दोन्ही पुढच्याच्या हातात.

बांधून नेणे आपल्याकडे नवे नाही. आमच्या धामणगावच्या नावातच रेल्वे आहे. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, तिच्या वाटेवरचे हे स्टेशन, आणि कापसाच्या बाजारामुळे वाढलेले गाव. माझ्या लहानपणी कापसाच्या दिवसांत पहाटेपासून बंड्यांची रांग लागे. पहिल्या बंडीचा धुरकरी ऐटीत बसलेला, आणि शेवटच्या बंडीचा धुरकरी दुपट्ट्याने नाक-डोळे बांधून, भुवया पांढऱ्या झालेल्या. पुढच्या नऊ बंड्यांची धूळ त्याची. बैलबाजाराच्या दिवशी बंडीच्या मागे एखादा गोऱ्हा दाव्याने बांधून आणत. तोही एक प्रकारे पुतण्याच्या मोटारीसारखाच. वेग त्याचा नाही, वाट त्याची नाही. पण मला आठवते, गोऱ्हा मागे बांधला असला की धुरकरी बैलांना पळवत नसे. दावे जरा लांब सोडे, चिखलाचा भाग आला की उतरून गोऱ्ह्याला बाजूने चालवी. त्यात भूतदया असेलही. पण गोऱ्हा त्याचा होता, आणि बाजारात त्याची किंमत अंगावरूनच ठरणार होती. इथेही पुढचा आणि मागचा यांचा मालक एकच होता.

बैल गेले आणि ‘टोचन’ आले. हा शब्द गॅरेजवाल्यांचा आहे आणि मला फार आवडतो. इंग्रजीतल्या टो-चेनचा आमच्या मिस्त्री लोकांनी टोचन केला, आणि तो जिथे जोडतात तिथे टोचल्यासारखाच बसतो. जीप बंद पडली की ट्रॅक्टर बोलवा, टोचन लावा. आपल्या कायद्यालाही बांधलेली गाडी फक्त आजारीच माहीत होती. १९८९ च्या रस्ता-नियमांत, बिघडलेली किंवा अर्धवट जोडणी झालेली गाडी सोडली तर चांगली धडधाकट मोटार दुसरीने ओढून न्यायला परवानगीच नव्हती. नोंदणी झालेला ट्रेलर आणि मोटारसायकलची साइडकार तेवढी चाले. आजारी गाडी ओढायची तरी दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी चोवीस किलोमीटरच्या वर नको, मागच्या गाडीत स्टिअरिंगवर परवानाधारक माणूस हवा, आणि मागे पंचाहत्तर मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत, पांढऱ्या पाटीवर, ‘ऑन टो’ असे लिहिलेले हवे. २०१७ साली या नियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली. ती पंचाहत्तर मिलिमीटरची पाटी मी आयुष्यात एकदाही पाहिली नाही. पण चोवीसचा वेग ठरवणाऱ्याला अक्कल होती असे मी म्हणेन. त्या वेगाला खडा उडाला तरी तो कुणाचे काही बिघडवत नाही.

मात्र धामणगावच्या रस्त्यावर माणसे जखमी होतात ती टोचनमुळे नव्हे. ट्रॅक्टरच्या मागची ट्रॉली हीच आमच्याकडची खरी बांधलेली गाडी, आणि तिच्या मागे, काहीही न बांधता, सगळे गाव चालत असते. शाळेची मुले, दूधवाले, लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन मोटारसायकलवर मागे बसलेली बाई आणि टाकीवर पुढे बसवलेले तिचे पोर.

मी राष्ट्रीयीकृत बँकेत होतो आणि नव्वदच्या दशकात बरीच वर्षे शेतीकर्जे पाहत होतो. ट्रॅक्टरचे कर्ज म्हणजे नुसता ट्रॅक्टर नसे. ट्रॉली, नांगर, कल्टिव्हेटर यांची कोटेशने जोडलेली असत. ट्रॅक्टर कंपनीचा, ट्रॉली मात्र गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातली. तिच्या कोटेशनमध्ये चॅनेल, पत्रा, ॲक्सल, टायर, हुक, रंग, आणि शेतकऱ्याच्या आवडीप्रमाणे मागच्या फाळक्यावर कमळ किंवा मोर, यांचे सगळे हिशेब असत. चाकांवर मडगार्ड आणि मागे फ्लॅप एवढे मात्र कधी नसे. एकदा मी एका दुकानदाराला विचारले. तो वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, “कोनी मांगतच नाही जी सायेब. आपुन लावून देल्लं तरी वावरात गारा भरते, चाक फसते. मंग तोच कास्तकार टॉमी घेऊन बसते अन् खोलून फेकते.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात कशी चिकटते हे ज्याने चप्पल हातात घेऊन वावर ओलांडले आहे त्यालाच कळते. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ती माती अशी भरते की चाक फिरेनासे होते. शेतकऱ्याने ते खोलून फेकले यात त्याचा मूर्खपणा काही नाही. पण मग तीच ट्रॉली दिवाळीनंतर गिट्टी, मुरूम, रेती वाहायला डांबरी रस्त्यावर येते, आणि खोललेला मडगार्ड गोठ्यात लटकलेला असतो.

आमच्या शाखेत एक शिपाई होता. सालस, कामाला वाघ, त्याच्या हस्ताक्षराची मला असूया वाटे. लुना चालवत तो रोज जवळच्या खेड्यातून येई. एका सकाळी यवतमाळ रस्त्यावर तो एका ट्रॉलीच्या मागे होता. रस्त्याला नुकतीच मलमपट्टी झालेली, म्हणजे खड्ड्यांत डांबर शिंपडून वर मोकळी गिट्टी टाकलेली. बोराच्या बियाएवढा एक तुकडा उडाला आणि त्याच्या डाव्या डोळ्यात गेला. नागपूरला नेले. डोळा वाचला नाही. 

मी भेटायला गेलो तेव्हा पोलिसांत तक्रार दिली का, ट्रॉली कुणाची होती, असे मी साहजिकच विचारले. तो म्हणाला, “नंबर दिसेच ना जी, चिखलानं भरला होता. अन् थो थांबलाई नाही. त्याले मालूमच नसन.” त्या माणसाविषयी त्याच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र तो राग त्या वेळीही होता आणि आजही आहे. कुणा एका ट्रॉलीवाल्यावर नव्हे, कारण तो कोण हे कधीच कळले नाही. राग आहे तो ‘त्याले मालूमच नसन’ या व्यवस्थेवर. नुकसान करणाऱ्याला ते कळत नाही, आणि ज्याला कळते त्याच्या हातात काही नाही.

त्यानंतर मी एक केले. ट्रॉलीचे कर्ज देताना कोटेशनमध्ये फ्लॅप आणि मागचे तांबडे रिफ्लेक्टर असल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडत नसे. नियमपुस्तिकेत असे काही नव्हते, पण मालमत्ता तारण आहे तर ती कशी असावी हे सांगायचा बँकेला हक्क असतो, असा माझा युक्तिवाद. काही कर्जदारांनी तो मान्य केला, काहींनी माझ्यामागे माझी नक्कल केली. तपासणीला गेलो की काही ट्रॉल्यांना फ्लॅप असत, काहींचे गोठ्यात असत. माझी बदली झाली आणि ती प्रथा संपली.

हिशेबनीस माणसाला यात आणखी एक गोष्ट खटकते. संरक्षणाचा सगळा बाजार मागच्यासाठी आहे. मागच्याने हेल्मेट घ्यावे, चष्मा घालावा, गाडीला झिल्ली लावावी, काचेचा विमा काढावा. प्रत्येक गोष्ट विकणारे दुकान आहे, हप्त्याने देणारी योजना आहे. पुढच्याच्या चाकामागे लावायचा रबराचा तुकडा काही शे रुपयांत येतो, आणि म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात कुणी करत नाही. विम्याचेही पहा. समोरची काच फुटली तर सर्वंकष विम्यात भरपाई मिळते, पण साध्या पॉलिसीत दावा केला की पुढच्या वर्षीची ‘नो क्लेम’ सवलत जाते. म्हणून शहाणी माणसे काचेचा खर्च गुपचूप खिशातून करतात. तो खर्च कुठल्याच आकडेवारीत येत नाही. आणि ज्याच्या चाकाने तो घडवला त्याच्या खात्याला एक पैसाही नावे पडत नाही.

काचेचा विषय निघालाच आहे तर घरच्या गाडीवाल्यांना दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून टाकतो. पूर्वी पुष्कळ गाड्यांच्या समोरच्या काचा अशा असत की दगड लागला की सगळी काच एका क्षणात खडीसाखर होऊन मांडीत पडे. आताच्या समोरच्या काचेत दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा एक थर असतो, त्यामुळे ती तडकते पण सांडत नाही. तिच्यावर टिकलीएवढा टवका पडला तर ‘पाहू पुढच्या महिन्यात’ म्हणू नका. त्यावर लगेच पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही, आणि शक्य तितक्या लवकर त्यात राळेसारखे द्रव्य भरून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो. उन्हात तापलेल्या काचेवर गार एसीचा झोत सोडला किंवा बादलीभर थंड पाणी मारले की टिकलीचा टवका बघता बघता हातभर लांब होतो. मग काच बदलण्यावाचून इलाज नाही.

आमच्या तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता मुंबईजवळ पोचला. धामणगावला त्यावर चढण्या-उतरण्याची सोय आहे. तिथे दुचाकीला, रिक्षाला मज्जाव, मोटारींना ताशी १२० ची मुभा. रस्ता सिमेंटचा, त्यावर मोकळी गिट्टी नाही. मला वाटले होते, निदान तिथे तरी मागच्याची सुटका झाली. पण ट्रक काही समृद्धीवर जन्माला येत नाहीत. ते खदानीतून, मुरमाच्या रस्त्यांवरून, आमच्या मलमपट्ट्यांवरून येतात, दुहेरी चाकांच्या फटीत आमच्या गावचा दगड घेऊन वर चढतात, आणि तिथल्या वेगात तो सोडतात. खेड्यातल्या रस्त्यावर ज्याने टवका पाडला असता, तोच खडा तिथे काच आरपार तडकावतो. गावातला रस्ता वाईट ठेवून महामार्ग चांगला ठेवता येत नाही, हे या एका खड्यावरून कळते.

जिथे मालाची जबाबदारी स्पष्ट असते तिथे काय करतात, हे पाहायला लांब जायला नको. आमच्या स्टेशनवर उभे राहिले की कधी कधी एक विचित्र मालगाडी जाताना दिसते. डबे प्रवासी गाडीचे, पण खिडक्या-दारे पत्र्याने बंद. जुन्या प्रवासी डब्यांचे रेल्वेने केलेले हे मोटारवाहू डबे. आत कारखान्यातून निघालेल्या नव्या मोटारी असतात. त्यांनाही कुणीतरी ओढूनच नेत असते. पण मुक्कामी पोचेपर्यंत त्यांच्या अंगावर ओरखडा उमटता कामा नये, आणि उमटला तर कुणाला तरी उत्तर द्यावे लागते. म्हणून चारही बाजूंनी पत्रा.

ट्रॉलीमागच्या मोटारसायकलला असा पत्रा कुणी लावून देणार नाही. तेव्हा काम पुढच्याकडूनच करून घ्यावे लागेल, आणि त्याला दुखत नसल्यामुळे ते आपल्या आपण होणार नाही. दंड करून होईल असे मला वाटत नाही. आडरस्त्यावर दंड करायला कोण उभे राहणार? पण वर्षातून एकदा प्रत्येक ट्रॉली एका ठिकाणी हमखास येते, आणि ते ठिकाण म्हणजे बाजार समितीचे फाटक. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगाम सुरू होताना साखर कारखाने उसाच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावून घेतात, कारण रात्री उभ्या ट्रॉलीवर मागून आदळून माणसे मेली. तिथे फाटक कारखान्याचे होते, इथे ते बाजार समितीचे आहे. कापूस-सोयाबीनच्या पहिल्या आवकेला, काटा करण्याआधी, मागचे रिफ्लेक्टर आणि चाकामागचे फ्लॅप पाहावेत. नसतील तर माल परत पाठवू नये, शेतकऱ्याला नाडण्यात काही अर्थ नाही. तिथेच लावून द्यावेत आणि पट्टीतून रक्कम वळती करावी. बँकेतली जुनी सवय, दुसरे काय.

राहिला गाऱ्याचा प्रश्न. त्यावर उत्तर मला त्याच वेल्डिंगच्या दुकानदाराच्या मुलाने दिले. आता दुकान तो पाहतो. मडगार्ड नकोच, तो म्हणाला. चाकापासून वीतभर मागे, ट्रॉलीच्या चौकटीला, बिजागरीवर फ्लॅप टांगायचा. वावरात जाताना साखळीने वर अडकवून ठेवायचा, रस्त्यावर आले की सोडायचा. खालच्या कडेला लोखंडाची पट्टी. जमिनीपासून अंतर एवढे की खड्ड्यात घासू नये. रबर नवे घ्यायचीही गरज नाही. जिनिंगमधले झिजलेले पट्टे भंगारात जातात, तेच कापले की झाले. जाड असतात, आत कापडाचा थर असतो, लवकर फाटत नाहीत. त्याने एक जोडी करून दुकानाबाहेर टांगून ठेवली आहे. मी विचारले, किती गेल्या? 

म्हणाला, “आतापर्यंत दोन. दोनीई त्याईच्या, ज्याईची पोरं गाडीवर कॉलेजले जातात.”